आईचा रस्ता, बाबांचा रस्ता

आमचं घर म्हणजे पुढं बाबांचा ऑटो, मागं आईची चूल, आणि मधे जी जागा उरेल तिच्यात आम्ही. पाहुण्यांना आधी ऑटोला वळसा घालावा लागे. मागच्या दारानं यावं म्हटलं तर लग्नसराईत तेही बंद, कारण तिथं आई लंब्या रोट्या करत बसलेली असायची. ज्यांनी या रोट्या होताना पाहिल्या नाहीत त्यांना सांगून पटत नाही. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातातून ओघळली पाहिजे. मग परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत झुलवत ओढायची, आणि चांगली ओढणीसारखी पातळ झाली की चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद पसरायची. त्या आपटण्याचा सपाक-सपाक आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. सकाळी तो आवाज आला नाही की मला वाटे, आईला बरं नाही. आजही कुणाच्या लग्नात आचाऱ्यांच्या मांडवातून तो आवाज आला की मी जेवायचं सोडून तिकडे बघायला जाते आणि माझा नवरा मला हसतो.

आईच्या रोट्यांना मागणी मोठी होती. नाल्यापलीकडच्या बंगल्यांमधून निरोप यायचे, आज पाहुणे आहेत, पाटोडीचा रस्सा केलाय, रोट्या तेवढ्या तुमच्या पाहिजेत. आई त्या ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायची, टोपलं डोक्यावर घ्यायची आणि निघायची. आम्हाला मात्र रोजची साधी पोळी आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा. त्यात तेल घातलं की तोंडाला असं पाणी सुटायचं की तक्रार करायला तोंड रिकामं राहत नसे.

बाबा शाळेची मुलं नेत. मूळचे कुहीकडचे, पण नागपुरात येऊन इतकी वर्षं ऑटो चालवला की सारं शहर त्यांना तळहातासारखं पाठ. गल्लीबोळ, खड्डे, कोणत्या चौकात कोणता सिग्नल रेंगाळतो, सगळं. आणि त्यांना एक खोड होती. जगातली कोणतीही गोष्ट जवळ किंवा दूर आहे असं कुणी म्हटलं की ते चालायचं नाही. “जवळ म्हणजे किती?” असं ते लगेच विचारत. महिन्याच्या भाड्यावर मुलं नेताना मीटरचं काही काम नव्हतं, तरी बाबा तो टाकत, नुसता पाहायला. देवाच्या तसबिरीलाही जेवढी फडकी मारत नसत तेवढी त्या मीटरच्या काचेला मारत. आमच्या घरात मीठ किती ते आई सांगायची आणि अंतर किती ते बाबा, आणि एकमेकांच्या खात्यात कुणी तोंड घालत नसे.

नाल्यापलीकडे एक इंग्रजी शाळा होती. बाबांच्या ऑटोतली सगळी मुलं तिथलीच. त्यांना ती ‘ऑटोकाका’ म्हणत आणि बाबांचा आवाज त्यांच्याशी बोलताना आमच्याशी नसेल इतका मऊ व्हायचा. माझी धाकटी बहीण आरोही, आमची आरू, तेव्हा पहिलीत जायच्या वयाची झाली होती. दुपारी ऑटो दारात उभा असला की ती मागच्या फळीवर जाऊन बसायची, माझं जुनं दप्तर मांडीवर घ्यायची, आणि त्या मुलांच्या तोंडून ऐकलेल्या इंग्रजी कविता घोळवून घोळवून म्हणायची. अर्थ तिलाही कळत नसे आणि आम्हालाही. बाबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत आणि कूस बदलून म्हणत, “चांगली म्हणून राहिली न पोट्टी!”

एका मुलाच्या आईनंच बाबांना सांगितलं, की ऑटोकाका, आता या शाळांमध्ये गरीब घरच्या मुलांसाठी जागा राखून ठेवतात, फी पडत नाही, तुमच्या धाकटीचं नाव का टाकत नाही? जागा थोड्या आणि मुलं फार, म्हणून सोडत काढतात, चिठ्ठ्या टाकून. त्यात एक मोठी अट होती. ज्यांचं घर शाळेपासून एका किलोमीटरच्या आत, त्यांच्या चिठ्ठ्या आधी. त्यातून जागा उरल्या तर बाहेरच्यांच्या. आणि आमच्या भागात उरणार कुठून? वस्त्या नुसत्या खच्चून भरलेल्या. म्हणजे आरू या शाळेत जाणार की नाही, हे ती आत आहे की बाहेर आहे यावर ठरणार होतं. मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत नववीला होते. मला असं कुणी काही सांगितलं नव्हतं. माझं वय निघून गेल्यावर ही सोय आली याचं मला वाईट वाटलं, आणि आरूसाठी बरंही वाटलं, आणि ही दोन्ही एकाच पोटात कशी मावली ते मला आजही सांगता येत नाही.

अर्ज भरायला बाबा मला सोबत घेऊन गेले, कारण संगणक म्हटलं की त्यांचा जीव दबायचा. आईची त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, ती कुठून येणार. जवळच्याच एका शाळेत मदत केंद्र उघडलं होतं. तिथल्या मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या, उन्हानं आणि गर्दीनं तेवढ्या कातावलेल्या. तेव्हा सगळंच नवं होतं आणि अंतर आपण सांगू तसं भरत असत. मॅडमनी शाळेचं नाव घातलं आणि विचारलं, “दादा, घर किलोमीटरच्या आत आहे ना?”

“नाही जी,” बाबा म्हणाले. “दीडच्या वर भरते.”

मॅडमनी मान वर केली. इतका वेळ जो तो आतच आहे म्हणून सांगत आला असणार. “नीट विचार करून सांगा. बाहेर लिहिलं तर नंबर मागं जाईल.”

“विचार काय करायचा त्यात? रोज जातो मी. इथून चौक, चौकातून फाटक, फाटकावरून मोठा पूल, मंग शाळा. मीटर खोटं बोलते का?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? माझी शाळा उलट्या दिशेला, आणि अंतर हे बाबांचं खातं. मॅडमनी ‘बाहेर’वर खूण केली. बाबांनी सही केली आणि परत येताना मला उसाचा रस पाजला. एक काम चोख झालं याच्या समाधानात ते होते.

संध्याकाळी आई चुलीपुढून उठली, हातापायांवर पाणी घेतलं आणि पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, “भरला का अर्ज? काय काय विचारलं?”

“सगळं चोख भरलं. शाळा किलोमीटरच्या बाहेर हाये म्हणून सांगतलं.”

आईचा पदर तोंडापाशीच थांबला. “काहून?”

“काहून म्हणजे? हाये म्हणून.”

“कोणी सांगतलं बाहेर हाये? त्या शाळेच्या मागच्या बंगल्यात जाते न मी रोट्या घेऊन. इथून निघाली का फडकं गरम असते, अन् तिथी पोचली तरी गरमच असते.”

“तू रपट्यावरून जातं,” बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले. “तो काही रस्ता होय का?”

रपटा म्हणजे नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून वर कुणीतरी ओतलेलं ओबडधोबड काँक्रीट. पायी माणूस जाईल, फार तर सायकल हातात धरून नेता येईल. ऑटो जाणार नाही. आणि जिथून ऑटो जात नाही तो बाबांच्या हिशेबी रस्ताच नव्हता. इतक्या वर्षांत ते एकदाही रपट्यावर गेले नव्हते.

“रस्ता नाही?” आईचा आवाज चढला. “मंग मी काय इतके वर्षं उडून जाऊन राहिली? टोपलं डोक्यावर घेऊन? लेकीचा नंबर घालवला न बाप्पा तुमच्या त्या मीटरनं!”

“खोटं लिहू का मंग?”

“खोटं कोण म्हणते? माह्या पायानं मोजा न एकदा!”

आई रागावली की भांडी आदळत नसे, ती कणीक मळायला घेई. त्या दिवशी ऑर्डर संपली होती तरी तिनं परात पुढं ओढली आणि वस्तीभर ऐकू जाईल असं ती कणीक आपटत बसली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “आज पुन्हा ऑर्डर हाये का वं, शोभा?” आई म्हणाली, “हो न, माह्या बापाच्या जावयाची.” आम्ही दोघी बहिणी ऑटोत तोंड लपवून हसलो. बाबांना त्या रात्री जेवायला लंब्या रोट्या मिळाल्या आणि त्यांनी त्या खाली मान घालून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईनं टोपलं भरलं आणि ते बाबांच्या हातात दिलं. “चला.” बाबा मुकाट्यानं निघाले, मागून आरू उड्या मारत आणि तिच्या मागं मी. माझे वडील पायी चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. ते रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं चालत होते, आणि वळण आलं की त्यांचा हात आपोआप बाहेर निघत होता. आईनं ते पाहिलं आणि तिचा राग तिथंच अर्धा उतरला, पण तिनं तोंडावर दाखवलं नाही. रपट्यावर पोरं पाय सोडून बसली होती. पलीकडे क्रिकेटचं मैदान, मैदान ओलांडलं की बंगल्यांच्या मागची बोळ, आणि बोळीच्या तोंडाशी एक लांबच लांब पिवळी भिंत. भिंतीवर फुलपाखरं आणि इंग्रजी अक्षरं रंगवलेली.

बाबा थांबले. “हे कोणती शाळा होय?”

“तेच होय.”

“आपली?”

“नाही, रातोरात तुमच्यासाठी दुसरी बांधली,” आई म्हणाली.

बाबांनी ती शाळा वर्षानुवर्षं पुढूनच पाहिलेली. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. मग मागं वळून आम्ही आलो ती वाट पाहिली, पुन्हा भिंत पाहिली. फडक्यात हात घालून पाहिला, रोट्या गरम होत्या. “पण पावसाळ्यात रपटा बुडत असन,” ते पुटपुटले.

“बुडन तेव्हा तुमचा ऑटो हाये न.”

आता त्या जागी चांगला पूल झाला आहे आणि त्याच्यावरून ऑटोच काय, ट्रकसुद्धा जातात. बाबांची कंबर आता दुखते, पण अजून एखादी फेरी मारतात, आणि त्या पुलावरून जायची वेळ आली की न चुकता मला सांगतात, या रस्त्यानं शाळा किती जवळ पडते म्हणून. जसं काही तो शोध त्यांचाच!

सोमवारी सकाळी मुलं सोडली की बाबा थेट केंद्रावर गेले. आई आणि मी आधीच जाऊन बसलो होतो आणि आईचं मॅडमना रपट्याचं सांगून झालं होतं. अर्जात दुरुस्ती करायचा तो शेवटचा दिवस होता. मॅडमनी नकाशा काढला, आमचं घर आणि शाळा यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाल्या, “अहो दादा, आरामात आत आहे की! अंतर असंच धरतात.”

“पण मॅडम, या रेघेवरून माणूस जाते का?” बाबांचं समाधान होईना.

मॅडमनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसल्या. “तुमच्या घरची जातात ना.”

सोडतीला एका मोठ्या सभागृहात बोलावलं होतं. वर पंखे गरगरत होते आणि खाली घाम निथळत होता. बायका, पुरुष, कडेवरची पोरं, पाण्याच्या बाटल्या. मंचावर टेबल, टेबलावर मोठी काचेची बरणी आणि तिच्यात आतल्यांच्या चिठ्ठ्या. बाबांची मुलं आणायची वेळ होत आली होती, म्हणून ते दाराशी उभे होते, एक पाय आत, एक पाय बाहेर. साहेबांनी माइकवर विचारलं, चिठ्ठ्या काढायला कोणाचं लेकरू येते वर? आम्हाला काही कळायच्या आत आरू आईच्या मांडीवरून उतरून मंचावर पोचली होती.

“अवं बाई,” आई म्हणाली.

आरूनं पहिली चिठ्ठी काढली, साहेबांनी नाव वाचलं, टाळ्या पडल्या. दुसरी काढली, टाळ्या. टाळ्यांनी तिला भलताच हुरूप आला. बाही वर सारून, पार काखेपर्यंत हात बरणीत घालून ती तळातल्या चिठ्ठ्या उकरू लागली. नावं येत होती आणि त्यात आमचं नव्हतं. जागा एकेक करून चालल्या होत्या, आणि आमची मुलगी त्या स्वतःच्या हातानं लोकांना वाटत होती. “सगळ्यायचे नंबर काढून राहिली हे पोट्टी,” आई माझा दंड आवळत म्हणाली, “अन् स्वतःचा कोण काढन?” शेजारी एक हिरव्या साडीतली बाई बसली होती, खांद्यावर झोपलेला मुलगा. ती हात जोडून म्हणाली, “तुमची होय का जी? तिले सांगा न, माह्या पोराचं काढाले.” आणि पुढचीच चिठ्ठी त्या बाईच्या मुलाची निघाली. ती बाई आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, मुलगा जागा होऊन रडायला लागला. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिची नजर मात्र बरणीवर होती.

मग आरू माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली, “मले तहान लागली,” आणि खाली उतरली. सभागृह हसलं. मी तिला घेऊन दाराबाहेरच्या नळाकडे गेले. दुसरा एक मुलगा वर चढला. जागा आता संपतच आल्या होत्या. आरू ओंजळीनं पाणी पीत असताना आतून आवाज आला, “आरोही गजानन…” आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही, कारण दाराशी उभे असलेले बाबा तिच्या ओल्या हाताला धरून तिला आत ओढत होते आणि मोठमोठ्यानं म्हणत होते, “आतल्या बरणीतून निघाली! आतल्या!”

आई उठून उभी राहिली होती. तिनं बाबांना गर्दीतून येऊ दिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, “आता सांगा, रस्ता कोणता खरा?”

“रपटा,” बाबा म्हणाले. “रपटाच खरा, माय.”

ज्यांचं नाव निघालं नाही ते लोक पोरं आणि बाटल्या उचलून निघाले होते. एक माणूस मुलीच्या पायात चप्पल घालत होता आणि त्याला पट्टा सापडत नव्हता. आमच्या आनंदात ते मला बोचलं. आता सोडत संगणक काढतो आणि निरोप मोबाइलवर येतो. माझ्या मुलाचं आता शाळेचं वय झालं आहे, परवा मीही असाच निरोप उघडून पाहिला. सोपं झालं हे खरं. पण शेजारच्या बाईच्या मुलाचं नाव निघालं म्हणून आता कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही.

त्या संध्याकाळी आईनं घरच्यासाठी लंब्या रोट्या केल्या आणि आमरस. रसाच्या वाटीत तूप घातलं. खाता खाता मी एकदा आरूकडे पाहिलं, तिच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता, आणि मला वाटलं, असू दे, हिला मिळालं ना. ते मनापासून वाटलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाबांनी ऑटो धुऊन हार घातला. पहिल्या दिवशी पोरगी ऑटोतूनच जाईल, यावर ते हटून बसले. आईनं वाद घातला नाही. आरू नव्या, गुडघ्याखाली आलेल्या गणवेशात मागच्या फळीवर इतर मुलांच्या मधे बसली आणि ऑटो फाटकाच्या बाजूनं गेला. आई आणि मी रपट्यावरून निघालो आणि ऑटोच्या किती आधी पोचलो ते बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं. पहिलीच्या मुलांच्या आईवडिलांना त्या दिवशी आत सोडत होते. आम्ही आतल्या बाजूला उभ्या राहिलो.

ऑटो आला. बाबांनी रोजच्या सवयीनं एकेकाला उतरवलं, दप्तरं दिली, डबे दिले. शेवटी आरूला उतरवलं, तिचा हात एका मोठ्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, “हिले वर्गापर्यंत सोड बरं, बेटा.” मग वळले, आपल्या जागेवर बसले आणि ऑटो चालू केला.

“अहो!” आई ओरडली. असं चारचौघांत ओरडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. “कुठी चालले? पोरगी आपली हाये!”

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग आरूकडे. ऑटो बंद केला. खाकी शर्टाची वरची गुंडी लावली, हात पँटला पुसले आणि दारापर्यंत आले. इतकी वर्षं रोज येत होते, पण त्या दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. चौकीदारानं वाट सोडली. आत आले तर समोर तीन बाजूंना तीन इमारती, मधे जिने, सगळीकडे मुलं. साऱ्या नागपूरचे रस्ते पाठ असलेले माझे बाबा तिथं मधोमध उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते आरूकडे वाकले.

“कुठून जायचं वं?”

तिला तरी कुठं माहीत होतं! पण तिनं त्यांचं बोट धरलं, “या,” म्हणाली आणि पुढं चालू लागली.